तहानेचे तळे

कार्तिक महिना लागला की आपल्याकडे आवळीभोजनाची आठवण निघते. आवळ्याच्या झाडाखाली जाऊन, शिधा तेथेच शिजवून, चार घरच्या मंडळींनी पंगतीला बसावयाचे, असा तो साधा कार्यक्रम. त्याला धर्माचा आधार आहे, आणि पाऊस सरल्यानंतरच्या कोवळ्या उन्हाची ओढही आहे. मला वाटते, घराबाहेर पडण्याची मराठी माणसाची हौस शास्त्रकारांनी पूर्वीच ओळखली असावी, आणि तिला पुण्याची जोड दिली असावी. कारण नुसते मजेसाठी बाहेर जातो असे सांगण्याचा संकोच आपल्याला फार. आवळीभोजनाला निघालो म्हटले की कोणी नाव ठेवीत नाही!

पुण्याच्या सहलींचा इतिहास पाहू लागलो तेव्हा एक गोष्ट मला फार मौजेची वाटली. या शहराने आपल्या करमणुकीसाठी म्हणून पाण्याच्या जागा क्वचितच निर्माण केल्या. निर्माण केल्या त्या बहुधा तहान भागविण्यासाठी. मग त्या पाण्याशेजारी झाडे वाढली, गारवा आला, आणि गारव्यामागोमाग माणसे आली. माणसे आली म्हणजे त्यांच्यामागून फुटाणेवाला येणारच.

पेशवाईतच पाहा. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात कात्रजला तलाव बांधून तेथून भुयारी नळाने शहराच्या हौदांत पाणी आणले. ते पाणी शनिवारवाड्यात खेळले आणि पेठांतून गोरगरिबांच्या घागरीतही पडले. त्याच नानासाहेबांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले, आणि तळ्यात बेट राखले. त्या बेटावरचा गणपती तो तळ्यातला गणपती. तळ्याच्या काठी हिराबाग उठली, तेथे मेजवान्या झडल्या, तळ्यात नावा फिरल्या. आज तेथे सारसबाग आहे. तळे केव्हाच बुजले, पण गणपतीच्या नावातून ते काही गेले नाही. ज्यांनी ते पाणी कधी पाहिले नाही तेसुद्धा 'तळ्यातल्या गणपतीला जाऊन येतो' असे म्हणून घराबाहेर पडतात. नावे ही पाण्यापेक्षा हळू आटतात.

इंग्रजी अमलातही तेच झाले. लष्कराची छावणी वाढली तसे पाणी पुरेना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांनी मोठी देणगी दिली आणि १८५० च्या सुमारास मुळा-मुठेवर बंधारा उभा राहिला. हेतू पाणीपुरवठ्याचा, पण बंधाऱ्याने नदी तुंबली, काठावर बाग झाली, आणि संध्याकाळी गोरे साहेब व त्यांच्या मडमा घोडागाड्यांतून तेथे हवा खावयास येऊ लागल्या. त्या बागेचे नावच मुळी बंडगार्डन. बंधाऱ्यावरून बाग ओळखली जाते. परंतु बागेत बसलेल्या किती जणांना बंधाऱ्याची आठवण असते?

या मालिकेतले सर्वांत मोठे पाणी खडकवासल्याचे. पुण्यापासून अकरा मैलांवर, सिंहगडाच्या वाटेवर मुठा नदी अडवून केलेला हा जलाशय. आजच्या भाषेत सतरा-अठरा किलोमीटर. रविवारी सकाळी सिंहगड रस्त्याने चालणारी वर्दळ पाहिली तर एखाद्या देवाची जत्राच भरली आहे असे वाटावे. कोणी सायकलवर, कोणी मोटारसायकलवर, कोणी बसगाडीत उभ्याउभ्याने. जलाशयाच्या काठाला लोकांनी चौपाटी असे नाव देऊन टाकले आहे. मुंबईकडे समुद्र आहे याचे पुणेकराला जे दुःख आहे, त्यावर त्याने काढलेला हा तोडगा असावा. कांद्याची भजी, भाजलेली कणसे, उकडलेल्या शेंगा, कैरीच्या तिखटमीठ लावलेल्या फोडी; समोर वाऱ्याने शहारणारे पाणी आणि डोक्यावर सिंहगडाचा कडा. एवढे असल्यावर समुद्र हवा कशाला?

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या वर्गाची सहल तिकडे नेली होती. काठावर बसून मुले डबे सोडीत असता सातवीतल्या एकाने गडाकडे बोट दाखवून मला विचारले, "सर, तानाजी हे तळं पोहून गेला असेल का हो?" बाकीची मुले हसली. मला मात्र हसू आले नाही. त्या मुलाच्या मनात गड आणि तळे ही दोन्ही सारख्याच वयाची होती. डोंगर जसा आहे तसेच पाणीही आहे, कोणी केलेले नाही, आपोआप आहे, अशी त्याची समजूत. ती समजूत त्या एकट्याचीच आहे असे नव्हे. तेथे भजी खाणाऱ्या शंभरांपैकी नव्वद मोठ्या माणसांचीही ती असेल. तानाजी १६७० साली गड चढला तेव्हा या खोऱ्यातून नुसती नदी वाहत होती. तळे झाले त्यानंतर दोनशे वर्षांनी. मी ते त्याला सांगितले. आणि जे त्या वेळी डबे संपेपर्यंत सांगून पुरे झाले नाही ते येथे सांगतो.

१८६० नंतरच्या काही वर्षांत दख्खनच्या अवर्षणी मुलखाला पाणी कसे देता येईल याची पाहणी सरकारने सुरू केली. ते काम फाइफ नावाच्या लष्करी इंजिनिअराकडे होते. पुणे, छावणी आणि पुण्याच्या पूर्वेकडचा कोरडा टापू या सर्वांना पुरेल असे पाणी सह्याद्रीच्या पायथ्याशी अडवावयाचे, अशी ती योजना. आंबी आणि मोसे या दोन नद्या मुठेला मिळाल्यानंतर खाली खडकवासल्याशी खोरे आवळलेले आहे. तेथे भिंत घालावयाचे ठरले. १८६९ साली काम सुरू झाले आणि पुरे व्हावयास दहा वर्षे लागली. दगड आणि चुना यांची ही भिंत सुमारे एक मैल लांब आणि शंभर फुटांच्या आसपास उंच. या देशातल्या पहिल्या मोठ्या दगडी धरणांत तिची गणना होते. काम चालू असतानाच १८७६ ते १८७८ चा तो भयंकर दुष्काळ दख्खनवर कोसळला. माणसे अन्नपाण्यावाचून गावे सोडून निघाली होती आणि इकडे ही भिंत दगडादगडाने वर चढत होती.

धरणाच्या कामाला लागणारे साहित्य पुरविण्याची कंत्राटे घेणाऱ्यांत एक नाव होते जोतीराव फुले यांचे. समाजसुधारक जोतीराव आपण पाठ्यपुस्तकांतून शिकवितो. दगड-चुन्याचा हिशेब ठेवणारे जोतीराव फारसे कोणी सांगत नाही. पाण्याचे मोल त्यांना पुस्तकातून कळले नव्हते. मांजरीला त्यांची स्वतःची शेती होती, आणि तो टापू याच धरणाच्या कालव्याखालचा. १८८३ साली पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी पाटबंधारे खात्याच्या कारभारावर जे कोरडे ओढले, ते बाहेर उभे राहून ओढलेले नव्हेत. भिंत उभी राहताना त्यांनी पाहिली होती आणि तिचे पाणी कोणाच्या शेतात जाते, कोणाच्या जात नाही, हेही त्यांनी पाहिले होते.

धरणातून दोन कालवे काढले. उजवा पुण्याच्या अंगावरून हडपसर, मांजरी, लोणी करीत पाटसच्या बाजूला सत्तर मैलांच्या आसपास गेला. डावा अठरा मैलांचा, खडकीच्या अंगाने. उजव्या कालव्याने पूर्वेकडच्या माळाचे रूप पालटले. जेथे बाजरीसुद्धा आभाळाकडे तोंड करून उभी असे तेथे ऊस उभा राहिला. जलाशयाला मात्र साहेबाने आपल्या इंजिनिअराचे नाव दिले, 'लेक फाइफ'. ते नाव साहेबाबरोबर गेले. लोकांनी गावाचे नाव धरले, आणि तेच टिकले.

पुढची गोष्ट मला फार आवडते, कारण तिच्यात बुद्धीचा चमत्कार आहे. तलाव वर्षानुवर्षे पुरेना. भिंत उंच करावी तर जुन्या दगडी भिंतीवर भार वाढणार. तेव्हा मुंबई सरकारच्या नोकरीत असलेल्या विश्वेश्वरय्या नावाच्या इंजिनिअराने एक युक्ती काढली. सांडव्यावर असे दरवाजे बसवावयाचे की पाणी ठराविक पातळीपर्यंत ते अडवून धरतील आणि त्यावर पूर आला की पाण्याच्याच जोरावर आपोआप उघडतील; पूर ओसरला की आपोआप मिटतील. उघडावयास माणूस नको, यंत्र नको. १९०३ साली हे दरवाजे खडकवासल्यास बसले आणि भिंत न वाढविता पाणी वाढले. हीच युक्ती पुढे म्हैसूरच्या कृष्णराजसागरास गेली. आणि तेथेही काय झाले? धरणाच्या पायथ्याशी वृंदावन बाग फुलली आणि सारा देश कारंजी पाहावयास लोटला. पाणी अडविले की सहल ठेवलेलीच!

यानंतर खडकवासल्याच्या काठाला निरनिराळे रहिवासी आले. नद्या, बंदरे आणि धरणे यांच्या लहान प्रतिकृती करून पाण्याच्या वागणुकीचा अभ्यास करणारी संशोधन संस्था धरणाच्या सावलीत वाढली. तिचे मूळ १९१६ सालचे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना बोटींतून किनाऱ्यावर उतरण्याचे शिक्षण देण्यासाठी या तळ्याचा समुद्र करण्यात आला. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर, आरमारी शिक्षण! स्वातंत्र्यानंतर पलीकडच्या काठाची हजारो एकर जमीन राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीला मिळाली. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी कोनशिला बसविली आणि १९५५ च्या जानेवारीत प्रबोधिनी तेथे सुरू झाली. तिच्या आवारातल्या मोरांनी भरलेल्या रानाशेजारी पाण्याचा जो फाटा आत शिरला आहे तेथे छात्र शिडाच्या होड्या हाकावयास शिकतात. अलीकडच्या काठाने भजी आणि पलीकडच्या काठाने कवायत, असे हे तळे दोन्हींकडे सारखेच शांतपणे पाहत असते.

ते नेहमीच शांत नव्हते. १२ जुलै १९६१ चा बुधवार पुण्यातली वृद्ध माणसे अजून विसरलेली नाहीत. वर आंबी नदीवर पानशेतला मातीचे नवे धरण घाईघाईने पुरे होत आले होते. त्या वर्षीचा पाऊस मुसळधार. धरणाच्या मोरीपाशी भराव खचू लागला तेव्हा जवानांनी रात्रभर वाळूची पोती टाकून तो सावरण्याची शिकस्त केली. सकाळी सातच्या सुमारास पानशेत फुटले. ते सारे पाणी खाली खडकवासल्यावर येऊन आदळले. ब्याऐंशी वर्षांची ती जुनी भिंत काही तास डोक्यावरून पाणी वाहत असतानाही उभी राहिली आणि दुपारी कोसळली. सकाळपासून चढत असलेला पूर तेव्हा आणखी फुगला. नदीकाठच्या पेठा, डेक्कन जिमखान्याचा परिसर, पूल, वाडे, दुकाने, सारे पाण्याखाली गेले. भारत इतिहास संशोधक मंडळातले जुने दप्तरही त्या पाण्यात सापडले. ज्या कागदांतून पुण्याचा इतिहास वाचावयाचा ते कागदच भिजले.

आमच्या शेजारी राहणारे एक आजोबा त्या वेळी दहा वर्षांचे होते. त्यांना पुराचे पाणी फारसे आठवत नाही. आठवतो तो पूर ओसरल्यावरचा चिखल. वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावरून त्यांना खाली आणले तेव्हा देवघरातल्या कोनाड्यात गाळ भरला होता. आईने आधी घर धुतले नाही, आधी ते कोनाडे धुतले. "आणि धुवायला पाणी नव्हतं," ते म्हणतात. "सगळ्या गावभर पाणीच पाणी झालं होतं, आणि नळाला थेंब नाही." त्यांच्या या एका वाक्यात मला त्या दिवसाचा इतिहास सापडला. शहराचा माठच फुटला होता. माठातले पाणी घर बुडवून गेले, आणि प्यावयास काही उरले नाही.

पुनर्वसनाचे काम स. गो. बर्वे यांच्या हाती आले. अर्धगोल पत्र्यांच्या निसेन झोपड्यांत हजारो माणसे राहिली. पुढे पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या, आणि नदीला चिकटून बसलेले पुणे पर्वतीच्या पलीकडे, गोखलेनगरच्या टेकडीकडे पसरले. खडकवासल्याची भिंत पुन्हा बांधली गेली, तिला लोखंडी दरवाजे आले. पानशेतही पुन्हा उभे राहिले. त्याच्या जलाशयाला तानाजीसागर असे नाव मिळाले. (माझ्या त्या विद्यार्थ्याचा तानाजी असा अखेर पाण्यापर्यंत पोहोचला!) मोसे नदीवर वरसगाव झाले, खुद्द मुठेवर वर टेमघर झाले. या धरणांसाठी मावळातली गावे उठली. त्यांतल्या कितीकांना दौंडकडच्या सपाट मुलखात जमिनी मिळाल्या. डोंगरउतारावर नाचणी-भात पिकविणाऱ्या माणसाला उसाच्या मुलखात नेऊन बसविले, तर त्याला जमीन मिळाली असे कागदावर म्हणता येते. गाव मिळाले असे म्हणता येत नाही.

आता थोडा हिशेब. या चार धरणांत मिळून उपयोगी पाणी सुमारे २९ अब्ज घनफूट साठते. त्यांत वरसगावचा वाटा १२.८२, पानशेतचा १०.६५, टेमघरचा ३.७१, आणि ज्याच्या काठी आपण जत्रा भरवितो त्या खडकवासल्याचा केवळ १.९७. म्हणजे घरात तीन रांजण आणि एक तांब्या असावा, तसे हे. रांजणे डोंगरात लपलेली आहेत, तांब्या दारात ठेवलेला आहे. परंतु वरच्या तिन्ही रांजणांतले पाणी शहराकडे यावयाचे ते या तांब्यातूनच. तांब्यात जे पडेल ते घराघरात जाणार.

आणि आपण त्यात काय काय टाकतो! रविवारी संध्याकाळी गर्दी पांगल्यावर काठाने एक फेरी मारावी. कागदी ताटल्या, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, कणसांची बुरकुंडे, निर्माल्याच्या पिशव्या. मोटारी काठाशी नेऊन धुणारे महाभागही मी पाहिले आहेत. जलाशयाभोवती बंगले आणि खानावळी वाढल्या. त्यांचे सांडपाणी कोठे जात असेल हे विचारण्याची आवश्यकता नाही, उतार कोणीकडे आहे ते पाहिले की पुरे. हिवाळ्यात या उथळ काठाने बगळे आणि पाणकावळे येतात, चक्रवाकांच्या जोड्या उतरतात. त्यांनाही आता माणसांपासून दूर, पलीकडचा काठ धरावा लागतो. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात ज्या आजाराने माणसांचे हातपाय लुळे पडू लागले, तेव्हा साऱ्यांचा संशय गेला तो पाण्यावरच. त्याच्या आदल्याच वर्षी, २०२४ च्या जुलैत, धरणातून सोडलेले पाणी नदीकाठच्या एकतानगरीतल्या घरांत शिरले. नदीच्या पात्रात आपण घरे बांधली आणि नदी आपल्या घरी आली म्हणून आपण आश्चर्य केले. १९६१ ची खूण ज्यांच्या भिंतीवर आहे त्यांना आश्चर्य वाटले नसावे.

आणखी एक गोष्ट लिहिणे जिवावर येते, पण घराघरांत वाचला जाणारा हा अंक आहे म्हणूनच ती लिहिली पाहिजे. दर वर्षी या तळ्यात कोणाची तरी मुले बुडतात. पाणी वरून निवांत दिसते. खाली जुन्या नदीचे खोल पात्र आहे, गाळ आहे, एकाएकी तुटणारा उतार आहे. जे तळे आपोआप झाले असे वाटते त्याच्या पोटात बुडालेले खोरे आहे, हे पोहणाऱ्याला ठाऊक नसते. इतिहास ठाऊक नसल्याने परीक्षेत गुण जातात, एवढेच आम्ही शिक्षक सांगत आलो. येथे त्याची किंमत जिवाने मोजावी लागते.

याचा अर्थ तेथे जाऊ नये असा कोणी काढू नये. तलावाभोवती काटेरी कुंपण घालून पहारा बसवावा, असे म्हणणारी मंडळी मला भेटतात. मला ते पटत नाही. दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबाला आठवड्यातून एकदा मोकळे आभाळ पाहावयाचे तर जावे कोठे? क्लबाचे हिरवळीचे मैदान त्याचे नाही, डोंगरातला बंगला त्याचा नाही. बसचे तिकीट काढून गाठता येईल असा हा एकच काठ त्याच्या वाट्याला आहे. आपल्या पाण्याकडे पाहत बसण्याचा त्याचा हक्क कोणी काढून घेऊ नये. पाहिल्यावाचून त्याची काळजी तरी कशी वाटावी? शहरातल्या मुलाला पाणी नळातून येते एवढेच ठाऊक. ते कोठून येते हे त्याला एकदा डोळ्यांनी दिसले, की नळ बंद करताना त्याचा हात थोडा तरी घट्ट फिरेल.

दिवाळीच्या या दिवसांत खडकवासले काठोकाठ भरलेले असते. ज्यांना जाणे शक्य आहे त्यांनी अवश्य जावे. दशम्या न्याव्यात, चटणी न्यावी, भजी तेथलीच खावीत, कारण ती विकणाऱ्या बाईचाही तो सण आहे. मुलांना पाण्यात उतरू देऊ नये, पण भिंतीपाशी न्यावे आणि ती कोणी बांधली, कशासाठी बांधली, कशी कोसळली आणि पुन्हा कशी उभी राहिली, हे त्यांना सांगावे. जोतीरावांचे नाव सांगावे, विश्वेश्वरय्यांचे सांगावे, आणि ज्यांची गावे या पाण्यासाठी उठली त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, हेही सांगावे. मग घरी निघताना आपला केरकचरा आपल्या पिशवीत भरून आणावा. पिण्याच्या भांड्यात हात घालू नये हे आपल्या आज्यांनी आपल्याला शिकविले आहेच. भांडे एवढे मोठे झाले म्हणून रीत बदलत नाही.